महाभारत पडद्यावर आणताना पटकथा नेमकी कुठे अडते

प्रश्न असा आहे: महाभारतावर चित्रपट किंवा आठ-दहा भागांची मालिका करायची ठरवली, तर सगळ्यात मोठी अडचण कुठे येते आणि कामाला हात कुठून घालावा?

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं पैसा. रथ, हत्ती, सैन्य, व्हीएफएक्स. पैसा लागतोच, पण त्या अडचणीवरचे उपाय आता धंद्यात रुळलेले आहेत. पटकथा खरी अडते ती कारणांपाशी. महाभारतातली एकही मोठी घटना एका कारणाने घडत नाही. शाप, वर, मागचा जन्म, प्रतिज्ञा, राजकारण आणि माणसाचा स्वभाव अशी पाच-सात कारणं एकाच घटनेवर येऊन बसलेली असतात. वाचणाऱ्याला ते चालतं. ऐन प्रसंगात मागचा शाप दोन श्लोकांत आठवून दिला की भागतं. पडद्यावर तो शाप आधी पेरावा लागतो, त्याला सीन लागतो आणि सीनला मिनिटं लागतात.

कर्णाचा शेवट घ्या. सतराव्या दिवशी चाक जमिनीत रुततं आणि अर्जुन त्याला मारतो. एवढंच दाखवायचं तर काही मिनिटांचं काम. पण चाक रुततं ते एका ब्राह्मणाच्या शापाने, कारण कर्णाच्या हातून त्याची गाय मेली होती. ऐन वेळी अस्त्र आठवत नाही ते परशुरामाच्या शापाने. अंगावर कवचकुंडलं नाहीत, कारण ती इंद्राने मागून नेली. त्यांच्या बदल्यात मिळालेलं ‘शक्ती’ नावाचं अस्त्र अर्जुनासाठी राखलं होतं, ते चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडलं. समोर उभे आहेत ते आपले भाऊ, हे कृष्णाने त्याला युद्धाआधीच सांगितलंय. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, असा शब्द त्याने कुंतीला दिलाय. आणि सारथी आहे शल्य, जो रथ हाकता हाकता त्याचा तेजोभंग करतोय. हे सात धागे झाले. प्रत्येकाला पेरणीसाठी चार मिनिटं दिली तरी जवळजवळ अर्धा तास, आणि अडीच तासांच्या चित्रपटात एकूण सीनच साठ ते पंचाहत्तर.

सातही ठेवले तर कर्ण स्वतः काही करतच नाही, त्याच्यावर सगळं होत राहतं. एकही ठेवला नाही तर चाक रुतणं हा निव्वळ योगायोग वाटतो. चित्रपटात यातले तीनच ठेवावेत आणि ते असे निवडावेत की त्यांत कर्णाचा स्वतःचा निर्णय दिसेल. परशुरामाचा शाप ठेवा, कारण तो खोटं बोलून शिकला. शक्ती ठेवा, कारण ती त्याने मागून घेतली आणि दुर्योधनाच्या दबावाखाली वापरली. जन्माचं रहस्य तर ठेवावंच लागतं. गाय मरण्याचा प्रसंग अपघाती आहे, तो निःशंक गाळा. चाकासाठी आदल्या दिवशीच्या दृश्यात चिखलात फसलेला एखादा अनामिक रथ दिसला तरी पुरतं. शल्य मालिकेत फार रंगतो, कारण तिथे दोन माणसं एका रथात अडकलेली असतात आणि संवादाला वेळ असतो. चित्रपटात तो पाहुणा ठरतो.

म्हणून पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी कारणांची एक वही करावी. एका रकान्यात घटना, दुसऱ्यात माणसाच्या बाजूचं कारण, तिसऱ्यात दैवाच्या बाजूचं, चौथ्यात ते कारण कोणत्या सीनमध्ये पेरलं आणि पाचव्यात ते कुठे फळाला आलं. ज्या ओळीत चौथा रकाना रिकामा राहतो तिथे नंतर निवेदकाला तोंड उघडावं लागतं. दैवी कारण काढून टाकायची गरज नसते. फक्त कथा पुढे ढकलायचं काम त्याच्या एकट्यावर सोडू नये. माणसाचं कारण भक्कम असेल तर शेजारी शापही शोभून दिसतो.

वही भरायला बसलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणता पाठ, म्हणजे ग्रंथाचं कोणतं रूप, धरायचा? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, १,२५९ हस्तलिखितं जमवून तपासली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केलं. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या लाख श्लोकांपैकी बराच भाग त्यात तळटीपांमध्ये आणि परिशिष्टांत गेला. व्यासांचा लेखनिक म्हणून बसलेला गणपती तिथे गेला. ‘सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं स्वयंवरातलं, कर्णाला नाकारणारं वाक्यही तिथेच गेलं. आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे तर मूळ संस्कृतात नाहीच. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर हसतात. द्रौपदी आणि तिच्याबरोबरच्या बायका हसल्या, असं दुर्योधन नंतर बापाला सांगतो. या दोन नोंदी पटकथाकाराच्या फार कामाच्या आहेत: प्रसंग एक, आणि अपमानित माणसाच्या आठवणीत तो वाढलेला. लोकप्रिय संवाद टाकून ही संधी घालवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

पण शुद्ध चिकित्सक पाठ धरला म्हणजे सुटलो, असंही नाही. प्रेक्षक चित्रपटगृहात येतो तो कीर्तनात, आजीच्या तोंडून आणि १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर ९४ भागांत पाहिलेलं महाभारत घेऊन. त्याच्या ओळखीचा प्रसंग गाळला तर त्याला चूक वाटते, तुम्ही पाठ कोणता धरलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. व्यवहारात असं करावं: पायाभूत पाठ एकच ठरवा, त्याबाहेरून काय घेतलं त्याची यादी ठेवा आणि प्रत्येक नोंदीसमोर कारण लिहा. ही यादी पुढे दिग्दर्शक, निर्माता आणि वकील या तिघांनाही लागते. यादी नसेल तर पाचव्या भागात कर्ण नाकारला गेलेला असतो आणि नवव्यात तसं काही घडलंच नव्हतं असं दिसतं, कारण दोन लेखकांनी दोन पुस्तकं वाचलेली असतात.

आकाराबद्दल थोडक्यात. संपूर्ण महाभारत एका चित्रपटात बसत नाही. पीटर ब्रूकने १९८५ मध्ये ते रंगभूमीवर नऊ तासांत आणलं, तरी पुष्कळ सांडलंच. एक प्रसंग घेऊन तो पूर्ण करणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली वाट आहे. खाडिलकरांनी १९०७ मध्ये रंगभूमीसाठी कीचकवध घेतला; त्यात लोकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारने पुढे नाटकावर बंदी घातली. बाबुराव पेंटरांनी १९२० मध्ये पडद्यासाठी तेच कथानक निवडलं. का, ते कळायला हे कथानक ज्यात येतं त्या विराटपर्वाची मांडणी पाहावी: एकच नगर, मोजकी पात्रं, सगळ्यांनी वेष पालटलेला, ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास अशी टांगती तलवार, मध्यावर एक खून आणि शेवटी गायी पळवण्यावरून लढाई. पटकथेच्या पुस्तकात जे मागतात ते सगळं व्यासांनी आयतं दिलंय. १९५७ च्या ‘मायाबझार’मध्ये तर पांडव पडद्यावर येतच नाहीत, तरी ते महाभारतच वाटतं. पहिलंच काम असेल तर उद्योगपर्वातली कृष्णाची शिष्टाई किंवा सौप्तिकपर्वाची, अश्वत्थाम्याच्या हल्ल्याची एक रात्र घ्या. पूर्ण मालिकेची हाव पहिल्या फटक्यात धरू नये.

आता द्यूतसभा, कारण पूर्ण कथा घेतली तर इथे चूक झाल्यावर पुढचं सगळं ढासळतं. सर्रास होणारी चूक म्हणजे दोन द्यूतं एक करणं. मुळात पहिल्या द्यूतात सगळं हरल्यावर द्रौपदीला सभेत ओढून आणलं जातं, अपशकुन होतात, धृतराष्ट्र घाबरतो आणि तिला वर देतो. ती आधी युधिष्ठिराला सोडवते, मग बाकीच्या चौघांना शस्त्रांसह, आणि तिसरा वर नाकारते. पांडव राज्य परत घेऊन निघतात. वाटेतून त्यांना पुन्हा बोलावलं जातं, आणि या दुसऱ्या खेळाचा पण असतो बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. वीस मिनिटं वाचवायला दोन्ही खेळ जोडले की वर गळतात. वर गळले की पाच नवऱ्यांना दास्यातून सोडवणारी द्रौपदी गळते, उरते फक्त विटंबना झालेली बाई. शिवाय युधिष्ठिर हात पोळल्यावरही दुसऱ्यांदा खेळायला बसतो, हे त्याच्याबद्दलचं सगळ्यात अस्वस्थ करणारं सत्य हातचं जातं. मिनिटं कमी करायचीच असतील तर पहिल्या खेळातले डाव कमी करा. संपत्तीचे एकेक पण लावण्याची लांबण तीन कटमध्ये होते.

वस्त्रहरणाचं चित्रीकरण हा स्वतंत्र विषय आहे. या प्रसंगाचा कणा म्हणजे द्रौपदीचा प्रश्न: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात झटकतो, विदुर बोलतो, कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो आणि कर्ण त्याला गप्प करतो. हा वाद नीट लिहिला तर सीन बारा ते पंधरा मिनिटं सहज पेलतो. कॅमेरा कुठे ठेवायचा हेही वादावरूनच ठरतं: तो प्रश्न ज्यांना विचारलाय त्यांच्या चेहऱ्यांवर हवा. वस्त्र ओढणाऱ्याच्या नजरेतून घेतलेला शॉट संकलनात नको असेल तर तो सेटवरही घेऊ नका; घेतला की कोणीतरी तो ट्रेलरमध्ये घालतोच. शॉट विभागणी नटीशी आधी बसून ठरवावी, सेटवर अत्यावश्यक माणसंच ठेवावीत. चमत्काराचं म्हणाल तर चिकित्सक पाठात सभेत कृष्णाचा धावा नाही, वस्त्रं येत राहतात आणि ती कुणी दिली ते सांगितलेलं नाही. मात्र उद्योगपर्वात कृष्ण स्वतः म्हणतो की दूर असलेल्या मला तिने ‘गोविंद’ म्हणून हाक मारली होती, ते ऋण माझ्यावर वाढत चाललंय. म्हणजे कृष्णाला प्रत्यक्ष दाखवणं आणि न दाखवणं, दोन्हीला आधार आहे. हात वर केलेला, आकाशातून साडी सोडणारा कृष्ण एकदा दाखवला की सभेतल्या गप्प बसलेल्या म्हाताऱ्यांवरची नजर हटते, एवढं लक्षात घेऊन ठरवा.

युद्धाकडे येऊ. अठरा अक्षौहिणी म्हणजे किती, हे कला विभागाला एकदा आकड्यांत सांगावं. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. अठरांची बेरीज धरली तर रथच ३,९३,६६०. हे दाखवायचं नसतंच. दोन-तीनशे ज्युनिअर आर्टिस्ट, स्थिर कॅमेऱ्यावर त्यांच्याच जागा बदलून घेतलेल्या प्लेट (नंतर एकत्र जोडायचे शॉट), मागे संगणकावरची गर्दी आणि भरपूर धूळ, एवढ्यावर काम होतं. धुळीने पार्श्वभूमी झाकते आणि संगणकावरचं खोटेपण लपतं. चौदाव्या दिवसाचं युद्ध रात्री मशालींच्या उजेडात चालू राहतं. खर्चाच्या दृष्टीने तीच सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सगळ्यात वेगळी लढाई ठरू शकते.

अठराही दिवस दाखवले तर पाचव्या दिवसानंतर सगळे दिवस सारखे दिसतात. पहिला, दहावा, तेरावा, चौदावा रात्रीसकट, पंधरावा, सतरावा, अठरावा आणि त्यानंतरची रात्र एवढे घ्यावेत, आणि प्रत्येकाचा उजेड, जमीन, आकाश वेगळं ठरवावं. दुसरी तक्रार अशी येते की शिरस्त्राणातले दाढीवाले लोक प्रेक्षकाला ओळखू येत नाहीत. यावर व्यासांनीच उपाय दिलाय आणि तो फारसा कुणी वापरत नाही: ध्वज. अर्जुनाचा कपी सगळ्यांना माहीत असतो. पण भीष्माच्या ध्वजावर ताड, कर्णाच्या ध्वजावर हत्तीचा दोर, अश्वत्थाम्याच्या ध्वजावर सिंहाचं शेपूट, जयद्रथाच्या ध्वजावर वराह. द्रोणपर्वात योद्ध्यांच्या घोड्यांचे रंगसुद्धा दिलेत. ही सगळी यादी पहिल्याच बैठकीत कला-दिग्दर्शकाच्या हातात द्यावी. तसंच शंखांचं: पांचजन्य, देवदत्त, पौंड्र यांचे आवाज ध्वनिसंयोजकाने वेगळे बांधले, तर कोण आलं ते चेहरा दिसण्याआधी कळतं.

सेटवरच्या दोन-तीन गोष्टी, ज्यांवाचून दिवस वाया जातात. धनुष्य ताणून बाण न लावता दोरी सोडायची नाही. ताकद बाणात न जाता धनुष्याच्या पात्यांत जाते आणि ती तडकतात, कधी नटाच्या तोंडावर. बाण संगणकावर टाकायचा असेल तर नटाने ताणावं आणि हळूच परत आणावं, सुटण्याचा झटका खांद्याने दाखवावा. त्यासाठी पंधरा-वीस पौंड ताणाचं हलकं धनुष्य पुरतं. पत्र्याची चिलखतं आणि मुकुट थेट ध्वनिमुद्रणाची वाट लावतात, म्हणून फायबर आणि चामडं वापरा, नाहीतर सगळं डबिंग धरून चाला. घोडे, हत्ती असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. नंतर धावपळ केली तर सेन्सॉरपाशी गाडी अडते.

युद्धाची रचना कशी करावी याचं उत्तर मात्र ग्रंथातच आहे आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. भीष्मपर्वात युद्ध सुरू झाल्यावर संजय धृतराष्ट्राकडे येतो आणि पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. म्हणजे दहा दिवस उलटून गेलेत. मग म्हातारा विचारतो, कसा पडला? आणि तिथून मागे जाऊन पहिला दिवस, गीता, सगळं येतं. द्रोण, कर्ण, शल्य यांच्या पर्वांतही तसंच: आधी मृत्यू, मग तपशील. शेवट सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कशी सांगायची, हे यात आहे. ‘पुढे काय’ यावर प्रेक्षकाला धरून ठेवता येत नाही, ‘कसं’ यावर येतं. आणि ऐकणारा कोण, तर ज्याची मुलं एकेक करून मरताहेत असा आंधळा बाप. काळाच्या किंवा आणखी कुणाच्या तोंडी निवेदन देण्यापेक्षा ही चौकट घ्या. निवेदन ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी गमवायचं असतं. या दृश्यांत धृतराष्ट्राला नजरेचा शॉट देता येत नाही, त्यामुळे आवाज आधी आणि चित्र मागून, असं संकलन आपोआप सुचत जातं.

गीतेच्या सातशे श्लोकांचं काय करायचं, याचाही निकाल इथेच लागतो. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून वीस मिनिटं उपदेश ऐकवला तर मागचे तीनशे लोक काय करताहेत हा प्रश्न पडतोच. संजयाच्या चौकटीत तो धृतराष्ट्रासमोर सांगितला जातोय, त्यामुळे मध्येच राजाकडे येता येतं, काळ उडवता येतो. अर्जुनाचे प्रश्न पूर्ण ठेवा, उत्तरं कापा. पहिल्या अध्यायातला त्याचा नकार हा नाट्याचा भाग आहे आणि बहुतेक वेळा तोच घाईत उरकला जातो.

संवादांत दोन टोकं टाळायची. एक, प्रत्येक वाक्यात तत्सम शब्दांची रास. नट पाठांतर करताना दिसतो. दुसरं, आजच्या टपोरी भाषेत देव बोलवणं. २०२३ मध्ये रामकथेवरच्या एका मोठ्या चित्रपटाला प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले, ते याच पायी. वाक्यरचना साधी, शब्द जुने पण कानाला ओळखीचे, आणि प्रत्येक पात्राला जास्तीत जास्त दोन नावं. अर्जुनाला चार सीनमध्ये पार्थ, धनंजय, सव्यसाची, गुडाकेश म्हटलं तर नवा प्रेक्षक चार माणसं शोधतो.

शेवट कुठे करायचा? स्वर्गारोहणापर्यंत गेलात तर शांती आणि अनुशासन ही दोन उपदेशाची पर्वं आडवी येतात, आणि ती उडवून थेट हिमालयात गेलं की युद्धाचा हिशेब राहून जातो. माझं मत स्त्रीपर्वाच्या बाजूने आहे. रणांगणावर बायका आपापली प्रेतं शोधतात, गांधारी कृष्णाला शाप देते, आणि जलदानाच्या वेळी कुंती युधिष्ठिराला सांगते की कर्णालाही पाणी दे, तो तुझा मोठा भाऊ होता. कारणांच्या वहीतला सगळ्यात जुना धागा तिथे पूर्ण होतो आणि त्यासाठी व्हीएफएक्सचा एक पैसा लागत नाही.

एक कायदेशीर बाब राहिली. महाभारतावर कुणाचा हक्क नाही, पण त्यावरच्या आधुनिक कादंबऱ्यांवर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. मराठी वाचकाच्या मनातला कर्ण पुष्कळसा ‘मृत्युंजय’मधला आहे, शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी रचलेले प्रसंग २०६२ अखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाहीत. यात फसगत मुद्दाम चोरी केल्याने क्वचितच होते, लेखकाला तो प्रसंग व्यासांचाच वाटत असतो. म्हणून पटकथेचा पहिला खर्डा झाला की संस्कृत पाठ जाणणाऱ्या एका माणसाला बसवून प्रत्येक सीनसमोर पर्व आणि अध्याय लिहून घ्यावा. ज्या सीनसमोर काहीच लिहिता येत नाही, तो तुमच्या कल्पनेतला आहे की दुसऱ्या कुणाच्या, हे शूटिंगची तारीख पक्की होण्याआधी तपासा.